दावा सगळ्यांचा, कॉस्ट चौघांची?

तीन हजार रुपये. एवढ्या रकमेसाठी आमच्या भागातल्या एका गावाचा महार वतनाच्या जमिनीचा दावा चार महिने अडून राहिला होता. जमिनीची आजची किंमत कोटीत. वारस ६१. त्यातले काही गावात, काही पिंपरीत, काही कल्याणला, दोघं सुरतेला. दाव्यावर वादी म्हणून नावं मात्र चौघांची. बाकीच्यांनी 'तुम्ही सह्या करा, आम्ही पाठीशी आहोत' असं सांगितलं होतं. दावा दाखल झाला त्या दिवशी विहारात त्रिशरण-पंचशील झालं, घोषणा झाल्या, फोटो निघाले. त्या फोटोत आम्हीही आहोत.

वर्गणी ठरली माणशी ५००. दिली ४४ जणांनी. म्हणजे जमले २२,०००. वकिलांची पहिली रक्कम १५,००० गेली. उरलेले कोर्ट फी, नकला, जुने फेरफार काढणं, समन्सचा भत्ता आणि तालुक्याच्या फेऱ्या यांत पहिल्या वर्षातच संपले. दुसऱ्या वर्षी साक्षीची तारीख आली. साक्ष द्यायची होती ते बाबा मुलाकडे पुण्याला वॉचमनच्या ड्युटीवर होते, त्यांना रजा मिळाली नाही. वकिलांनी मुदत मागितली. याआधीही दोनदा मागितली होती. कोर्टानं मुदत दिली, पण कलम ३५-ब खाली ३,००० रुपये कॉस्ट बसवली. या कलमाचा अर्थ साधा आहे. पुढच्या तारखेला ती रक्कम उलट बाजूला दिली नाही, तर वादीला दावा पुढं चालवता येत नाही.

ती कोणी भरायची? चौघांपैकी एक तोवर वारले होते. एक अंथरुणावर. तिसऱ्यानं सांगितलं, मी एकट्यानं का भरू? चौथी एक विधवा आत्या. तिनं बचत गटातून हजार उचलायची तयारी दाखवली. आणि मग एक दिवस पांढऱ्या गाडीतून एक माणूस आला. तीन हजार भरतो म्हणाला. वकिलांची थकलेली फीही देतो म्हणाला. दिलीही. महिन्याभरानं तोच माणूस कुलमुखत्यारपत्राचा मसुदा घेऊन आला.

आता बिल्डरला शिव्या घालणं सोपं आहे, आणि आम्ही त्या घातल्याही आहेत. पण तो माणूस त्या घरात शिरला कसा? दार आपणच उघडं ठेवलं होतं. दावा टाकताना ६१ वारसांनी, गावातल्या पुढाऱ्यांनी आणि आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनी एक प्रश्न विचारलाच नाही. हा दावा पहिल्या दिवसापासून शेवटच्या अपिलापर्यंत नेायला किती पैसे लागतील, ते कोण देणार, आणि हरलो किंवा मध्येच कॉस्ट बसली तर ती कोणाच्या अंगावर येणार? आमचं म्हणणं असं आहे की हा प्रश्न सोडून टाकलेला सामूहिक दावा हा अर्धा विकलेलाच दावा असतो. फक्त गिऱ्हाईक उशिरा येतं.

कायदा याबाबतीत आपल्या बाजूचा नाही, हे आधी समजून घेऊ. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ सांगतं की खर्च कोणी द्यायचा हे कोर्टाच्या विवेकावर आहे. पण रीत अशी की हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, आणि तसं करायचं नसेल तर कोर्टानं कारण लिहून द्यायचं. कागदावर हे न्याय्य दिसतं. पण जिंकणाऱ्याला मिळतो तो खर्च म्हणजे स्टँप, समन्सचा खर्च, ठरावीक दरानं धरलेली वकील फी. बुडालेली मजुरी त्यात नसते. एसटीचं भाडं नसतं. साक्षीदाराला जेवू घातलं ते नसतं. म्हणजे जिंकलो तरी खिशातून गेलेलं परत येत नाही. हरलो तर मात्र समोरच्याची रक्कम डोक्यावर बसते. ज्याच्याकडे पगारी मॅनेजर आणि कायमचा वकील आहे त्याला ही रक्कम चहापाण्याची असते. मार्क गॅलंटर या अभ्यासकानं १९७४ मध्ये हेच मांडलं होतं. कोर्टात वारंवार येणारा आणि आयुष्यात एकदाच येणारा हे दोघं एकाच नियमानं खेळले, तरी नियम वारंवार येणाऱ्याचेच होतात. एम. ए. ला हे वाचलं तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं. तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्यावर कळलं.

सामूहिक दाव्यात आणखी एक पेच आहे. संहितेच्या आदेश १ नियम ८ प्रमाणे एकाच हिताची पुष्कळ माणसं असतील, तर कोर्टाच्या परवानगीनं त्यांच्यापैकी एक-दोघं सगळ्यांच्या वतीनं दावा लावू शकतात. बाकीच्यांना नोटीस द्यावी लागते. माणसं फार असतील तर जाहीर नोटीस. आणि ती नोटीस वादीच्या खर्चानं, असं नियमातच लिहिलंय. निकाल लागला की तो सगळ्यांना बांधील. पण कॉस्टची वसुली सर्वसाधारणपणे त्यांच्यावरच येते ज्यांची नावं दाव्यावर आहेत. आणि हुकूमनाम्यात कोणी किती द्यायचे हे वेगळं लिहिलेलं नसेल, तर समोरचा पक्ष चौघांकडून चार हिस्से मागत बसत नाही. ज्याच्याकडे काही सापडेल त्याच्यावर पूर्ण रकमेची दरखास्त लावतो. बरं, चौघांत कोणाकडे काही सापडणार असतं? ज्याचं गावात पत्र्याचं का होईना घर आहे, त्याच्याकडे. जो सुरतेला भाड्यानं राहतो त्याच्याकडे नाही. म्हणजे गाव धरून राहिलेला, हिमतीनं सही केलेला माणूसच आधी सापडतो.

आत्या आम्हाला बैठकीत म्हणाली, "सही केली तवा समद्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉस्टचा कागद आला तवा कोणाचा फोनबी लागंना." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

या विषयावर बोललं की चळवळीतले काही जण चिडतात. 'बाबासाहेबांनी पैशाचा हिशेब करून लढे दिले का?' असं एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं आम्हाला भर सभेत विचारलं. उत्तर तिथंच द्यायला हवं होतं, ते इथं देतो. होय, हिशेब हाच त्यांचा विषय होता. कोलंबियाच्या डॉक्टरेटसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला आणि १९२५ मध्ये जो पुस्तकरूपानं आला, त्याचा विषयच ब्रिटिश हिंदुस्थानातली प्रांतिक अर्थव्यवस्था हा होता. वरच्या सरकारनं कोणता खर्च उचलायचा, प्रांतानं कोणता, उत्पन्नाची वाटणी कशी, याचा तो इतिहास आहे. खर्चाची जबाबदारी कोणावर टाकली जाते यातून सत्ता कोणाची हे कळतं, ही गोष्ट त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती? आपण त्यांच्या हातातलं पुस्तक पुतळ्यात कोरलं आणि वही बंद केली.

आणि महाड. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दर २० मार्चला साजरा करतो. तळ्याचा दिवाणी दावा किती जणांना आठवतो? डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरायच्या तोंडावर महाडच्या सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. बाबासाहेब, शिवतरकर मास्तर आणि आणखी मोजक्या जणांना प्रतिवादी केलं, आणि तेही सगळ्या अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून. याच आदेश १ नियम ८ खाली. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली, पण तळ्यावर जाणं थांबवावं लागलं. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली. मूळ दाव्याचा निकाल ८ जून १९३१ ला आपल्या बाजूनं लागला. ते अपिलात गेले. ठाण्याला ३० जानेवारी १९३३ ला हरले. मग मुंबई हायकोर्टात गेले, आणि १७ मार्च १९३७ ला न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी अपील खर्चासह फेटाळलं. महाड, मग ठाणे, मग मुंबई. सव्वानऊ वर्षं. ओंजळभर पाण्यासाठी.

या दाव्याकडे खर्चाच्या बाजूनं बघा. दावा आपण लावलेला नव्हता. आपल्यावर लावला होता. खर्चात ओढणं हेच त्याचं एक हत्यार होतं. रस्त्यावर माणसं थांबत नाहीत म्हटल्यावर त्यांना तारखांमध्ये अडकवायचं. नावं मोजक्यांची, पण निकाल लाखोंना बांधणारा. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर नसते, तर तीन कोर्टांपर्यंत हा दावा लढवायला आपल्या लोकांकडे काय होतं? म्हणून आम्ही म्हणतो, महाडचा दावा आपण जिंकलो याचा अभिमान बाळगायचा असेल तर एक गोष्ट पदरात पाडून घ्यावी लागेल. बजेट करायचं ते एका कोर्टाचं नाही, तीन कोर्टांचं. खाली जिंकलो की पेढे वाटून वर्गणी बंद करायची, ही आपली पद्धत समोरच्याला पाठ आहे. तो अपिलात जातो तेच मुळी आपला डबा रिकामा आहे हे माहीत असतं म्हणून.

वतनाच्या जमिनींत हा प्रश्न सगळ्यात धारदार होतो. १९५८ च्या कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्यानं वतनं गेली आणि जमिनी नवीन अविभाज्य शर्तीवर धारकांना परत देण्याची तरतूद झाली. आजोबाच्या नावावरचा एक गट, आता त्याला पन्नास-साठ वारस. कोणाची नोंद सातबारावर, कोणाची नाही. शर्तीमुळे परवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणून सरळ खरेदीखताऐवजी कुलमुखत्यारपत्र, विसारपावती, विकसन करार असे आडवाटेचे कागद होतात. काही वाद प्रांत-कलेक्टरपुढं जातात, काही दिवाणी कोर्टात. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार गाजला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला 'महार वतन' हा शब्द पुन्हा आठवला. पण गावोगावच्या चार-चार एकरांचं काय? तिथं टीव्हीची गाडी येत नाही. पांढरी गाडी येते.

दुसऱ्याच्या दाव्यात पैसा लावणं आपल्याकडे मुळात बेकायदा नाही, हे लक्षात ठेवा. महाराष्ट्रापुरती तर संहितेच्या आदेश २५ मध्ये खास दुरुस्तीच आहे. दाव्याला पैसा पुरवण्याच्या बदल्यात वादीनं मालमत्तेतला हिस्सा तिसऱ्याला देण्याचं ठरवलं असेल, तर कोर्ट त्या माणसाला वादी म्हणून आत घेऊ शकतं किंवा खर्चापोटी तारण मागू शकतं. म्हणजे पैसा लावणाऱ्यानं पडद्याआड बसून नफा घ्यायचा आणि हरल्यावर कॉस्ट आत्याच्या नावावर सोडून पळायचं, हे कायद्यालाही मान्य नाही. पण हा नियम वापरायचा तर तो व्यवहार कोर्टापुढं यायला हवा. आणि तो येत नाही, कारण तो विहारात सांगितलेलाच नसतो.

वकिलांचंही स्पष्ट बोलूया. 'आता काही देऊ नका, निकालानंतर वीस टक्के द्या' असं सांगणारे वकील गरिबाला देवमाणूस वाटतात. बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून असलेली फी आणि मिळालेल्या रकमेतला वाटा, दोन्ही वकिलाला मना केलंय. बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या २०१७ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं भरपाईच्या टक्केवारीवर फी घेणं चुकीचं ठरवलं. तरी भूसंपादनाचे चेक निघतात त्या दिवशी कोर्टाच्या आवारात काय चालतं ते आपण सगळे बघतो. त्यात आपल्या समाजाचे वकीलही आहेत. निळा गमछा घालून टक्केवारी घेतली म्हणून ती समाजसेवा होत नाही.

मग सरकारी मदतीचं काय? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ वाचा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे जातीचा दाखला असेल तर हा हक्क आपला आहे. वकील, कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकला हे त्यात येतं. तालुका कोर्टातच समितीचं कार्यालय असतं. ६१ वारसांपैकी एकानंही तिथं अर्ज केला नव्हता. का? 'फुकटचा वकील काय लढणार?' हा समज. तो अगदीच खोटा आहे असं आम्ही म्हणणार नाही. पॅनेलवरच्या वकिलांना मिळणारं मानधन पाहिलं की त्यांच्या उत्साहाचं गणित कळतं. पण मग पॅनेलवर आपले चांगले वकील बसवण्यासाठी, मानधन वाढवण्यासाठी मोर्चा निघायला नको? स्कॉलरशिपसाठी निघतो, तसा. आणि एक सावधगिरी. मदत मिळाली म्हणजे समोरच्याची कॉस्ट माफ झाली असं समजू नका. हेच आदेश ३३ खाली निर्धन म्हणून लावलेल्या दाव्याचं. तिथं कोर्ट फी सुरुवातीला भरावी लागत नाही, एवढंच. जिंकलात तर ती मिळालेल्या मालमत्तेवर पहिला बोजा म्हणून बसते. हरलात तर ती भरायचा हुकूम होतो.

वरच्या कोर्टांत गेली काही वर्षं एक सूर आहे की आपल्याकडच्या कॉस्ट फार किरकोळ आहेत, त्यामुळे खोटे दावे बोकाळतात. खोट्या दाव्यासाठी कलम ३५-अ खाली जास्तीत जास्त ३,००० रुपये. ही मर्यादा हास्यास्पद आहे, खरा खर्च वसूल व्हायला हवा, असं सुप्रीम कोर्टानं संजीव कुमार जैन निकालात २०११ मध्ये म्हटलं, आणि कायदा आयोगानं २०१२ चा २४० वा अहवाल याच विषयावर दिला. आमचं यावर मत सरळ आहे. खोटा दावा लावून दलिताला दहा वर्षं फिरवणाऱ्या जमीनदाराकडून खरा खर्च जरूर घ्या, दुप्पट घ्या. पण बारा एकरवाल्या बागायतदाराला आणि बारा गुंठ्यांच्या साठ वारसांना एकच मोजपट्टी लावणार असाल, तर ती समता नव्हे. आधी ऐपत बघा.

इंग्लंडमध्ये शेकडो-हजारो वादी असलेल्या गट-दाव्यांसाठी वेगळा नियम आहे. कोर्टानं वेगळं सांगितलं नाही, तर सामाईक खर्चाच्या हुकुमात प्रत्येक वादी आपल्या समान हिश्शापुरताच जबाबदार. शेजारच्यानं दिले नाहीत म्हणून ते तुमच्याकडून घेता येत नाहीत. २०१३ पासून तर बहुतेक मोठ्या दाव्यांत दोन्ही बाजूंना खर्चाचं अंदाजपत्रक आधीच न्यायाधीशापुढं ठेवावं लागतं. तिथलं सगळं चांगलं आहे असं नाही, तिथं दावा लढवणं भयंकर महाग आहे आणि दाव्यांवर नफ्यासाठी पैसा लावणाऱ्या कंपन्याच उभ्या आहेत. पण हे दोन नियम आपल्याकडे व्हायला हवेत, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यांत का नाही?

आणि कायदा होईपर्यंत हातावर हात धरून बसायचं कारण नाही. वारसांनी आपसांत करार करायला कोणाची परवानगी लागत नाही. आम्ही आता कोणत्याही सामूहिक दाव्याच्या बैठकीला गेलो की पहिला कागद तोच मागतो. कोणाचा जमिनीत किती हिस्सा, त्या प्रमाणात त्याचा खर्चात किती हिस्सा. ज्यांची नावं दाव्यावर आहेत त्यांच्यावर कॉस्ट आली तर ती बाकीच्यांनी किती दिवसांत भरून द्यायची. वकिलांची फी टप्प्याटप्प्यानं किती: दाखल करताना, मनाई अर्जाला, पुराव्याला, युक्तिवादाला. अपिलासाठी वेगळी शिल्लक, तिला हात लावायचा नाही. खातं बँकेत, तीन सह्यांचं, त्यातली एक बाईची. हक्कसोड पत्रावर सही घ्यायला बहिणीच्या दारात जाता, तसं हिशेबाच्या बैठकीलाही तिला बोलवा. बाहेरच्या कोणाचे पैसे घेतले तर कोणाचे, किती आणि कशाच्या बदल्यात, हे वहीत.

एक खर्च कोणीच धरत नाही, मरणाचा. वादी किंवा प्रतिवादी वारला तर त्याचे वारस ९० दिवसांत दाव्यावर आणावे लागतात. नाही आणले तर त्याच्यापुरता दावा संपतो, आणि काही वेळा अख्खं अपील धोक्यात येतं. पन्नास-साठ म्हाताऱ्या-तरण्या माणसांचा दावा पंधरा वर्षं चालणार असेल तर त्यात दहा मरणं होणारच. प्रत्येक वेळी दाखले, अर्ज, नवीन वकीलपत्रं, समन्स. गावात कोणी वारलं की पुण्यानुमोदनाच्या दिवशी कोणीतरी वहीत तारीख लिहून वकिलांना फोन करायला हवा. हे ऐकायला क्रूर वाटतं. आमच्या त्या पहिल्या वादीच्या मृत्यूनंतर ७८ दिवस कोणालाच हे सुचलं नव्हतं. कसाबसा अर्ज गेला.

'एवढा हिशेब मागणं म्हणजे आपल्याच माणसांवर अविश्वास' असं म्हणणाऱ्यांना आमचा उलटा प्रश्न आहे. विश्वास एवढा पक्का होता तर १७ जणांची वर्गणी का आली नाही? आणि ज्यांनी दिली त्यांना पावती का मिळाली नाही? 'कोर्ट प्रस्थापितांचंच, रस्त्यावर लढा' म्हणणाऱ्यांशी आमचं फार भांडण नाही. रस्त्यावर आम्ही असतोच. पण सातबारा रस्त्यावर बदलत नाही.

मागच्या महिन्यात त्या गावात पुन्हा बैठक झाली. ६१ पैकी ३८ आले, सुरतेचे दोघं फोनवर. कुलमुखत्यारपत्रावर आत्यानं सही केलेली नाही, तिसऱ्या वादीनं केली आहे. ती रद्द करण्याची नोटीस लिहायचं काम आमच्याकडे आलं. पांढऱ्या गाडीवाल्यानं भरलेले तीन हजार आणि वकिलांना दिलेली रक्कम मिळून ३४,००० होतात. ते त्याला चेकनं परत करायचे, पावती घ्यायची, असं ठरलं. माणशी ५५८ रुपये. बैठकीतच १९,५३० जमले. आत्यानं आपले ५५८ सुट्टे मोजून दिले आणि वहीत स्वतःच्या नावापुढं बरोबरची खूण झाली की नाही ते दोनदा बघितलं. पुढची तारीख महिनाअखेरीस आहे. पुण्याच्या बाबांची रजा या वेळी आधीच मंजूर करून घेतली आहे.

जय भीम.